उघड्या तोंडाची जपमाळ

शनिवार, २४ सप्टेंबर १९९४

मोनिका म्हणते, मनात आलेलं सगळं तोंडावाटे बाहेर काढायलाच हवं असं नाही. बरं. ऑफिसने जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, तिच्यात काढतो. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोचं एक तरी ऐकलं, याची नोंद असावी.

प्लेग सूरतेला आला आणि ताप चढला पनवेलला. संध्याकाळी खांदा कॉलनीत भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती. तोंडाला रुमाल बांधा, गर्दी करू नका, उंदीर मेलेला दिसला तर कळवा. केमिस्टकडे टेट्रासायक्लीनसाठी रांग. खालच्या मजल्यावरचा अवधूत, बँकेत अधिकारी माणूस, चार पाकिटं घेऊन आला आणि त्यातलं एक माझ्या हातात कोंबायला लागला. म्हटलं, आजारी पडलो की घेईन. तर म्हणतो, "तुस्कानो, दोन महिने तुमचा खोकला जिन्यातून ऐकतोय आम्ही." हा खोकला न्हावा शेव्याच्या ट्रकांचा आहे. कंटेनरची धूळ खाऊन तिथल्या आमच्या ऑफिसात सगळेच खोकतात, मी जरा मोठ्याने खोकतो इतकंच.

रुमालाचा खरा उपयोग आमच्या डेल्फीलाच कळलाय. नात दोन वर्षांची. मुलगा मस्कतला असतो, सून लीना आणि ही आमच्याकडे. मी रुमाल तोंडावर धरायचा, तिने विचारायचं, "आबाचं तोंड कुठाय?" मग मी रुमाल खाली ओढून "बुवाऽ कुक" म्हणायचं. आज सतरा वेळा झालं. अठराव्यांदा मोनिकाने जेवायला वाढलं.

रविवार, २५ सप्टेंबर

भोंग्याची रिक्षा परवडली. आज फादर रेमंडनी वेदीवरून तेच सांगितलं.

आमचं चर्च अजून बांधून व्हायचंय, मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये होते. प्रवचन संपल्यावर फादर म्हणाले, पुढच्या रविवारपासून सगळ्यांनी नाकातोंडाला रुमाल बांधावा, मारियेच्या मूर्तीच्या पायांचं चुंबन घेऊ नये, आणि ज्यांना खोकला आहे त्यांनी घरी राहावं, मिस्सा चुकवल्याचं पाप लागणार नाही. हे शेवटचं बोलताना माझ्याकडे बघत होते. सहा वर्षं मी तिथे पहिलं वाचन करतोय. फादर एकतीस वर्षांचे, गालावर अजून मुरुमं आहेत.

मिस्सानंतर पटांगणात गाठलं. म्हटलं, "फादर, देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं. पाप करायचं की नाही तेसुद्धा माणसावर सोपवलं. आणि तुम्ही रुमालाची सक्ती करता?"

"सक्ती नाही, इनासकाका. विनंती आहे."

"दाराशी माणूस उभा करून केलेली विनंती?"

दाराशी माणूस उभा करायचं खरंच ठरलंय, हे मला वाचकमंडळाकडून कळलं होतं.

मग मी शहात्तर सालचं सांगितलं. आणीबाणीत तेव्हाच्या ऑफिसात नसबंदीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला होता. सही कर, नाहीतर बढती विसर. मी सही केली नाही. बढती सात वर्षं अडली. तेव्हा वसईच्या फादरांनी भर चर्चमध्ये माझी पाठ थोपटली होती. विवेकबुद्धी म्हणजे माणसाच्या आतलं देवघर, तिथे सरकारचा पाय पडता कामा नये, असं म्हणाले होते. तो झगा आणि हा झगा एकच ना?

फादर रेमंड म्हणाले, "तेव्हा प्रश्न तुमच्या शरीराचा होता. आता प्रश्न तुमच्या श्वासाचा आहे, काका. तो तुमच्यापाशी थांबत नाही."

सेमिनरीत हल्ली बोलायला बरं शिकवतात.

सोमवार, २६ सप्टेंबर

ऑफिसातही तेच. सेक्शनचा मुख्य अविनाश, वयाने माझ्या मुलाएवढा, म्हणाला, "तुस्कानो, रुमाल नसेल तर टेबलाशी बसू नका, साहेबांची ऑर्डर आहे." मी रुमाल बांधला, हनुवटीखाली. हनुवटीला प्लेग होऊ नये म्हणून. सगळे हसले. अविनाश हसला नाही. म्हणाला, एकदा छातीचा फोटो काढून घ्या. म्हटलं, माझ्या छातीत काय आहे ते मला ठाऊक आहे.

परतताना बिल्डिंगचा वॉचमन काशिराम, पळस्प्याकडचा माणूस, पंचा नाकावर गुंडाळून स्टुलावर बसलेला. "आमी बांधलाय, तुमी का नाय बांदत, साहेब?"

"मी देवाला घाबरतो, उंदराला नाही."

"मी दोगांना घाबरतो," म्हणाला.

शनिवार, १ ऑक्टोबर

आज जपमाळेचा महिना सुरू झाला. आपल्यात ऑक्टोबरात पवित्र मारियेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते, संध्याकाळी शेजारपाजारची ख्रिस्ती घरं तिथे जमून जपमाळ म्हणतात, दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी. फादरनी यंदा फतवा काढला की जपमाळ शाळेच्या मैदानावर होईल, उघड्यावर, अंतर ठेवून, तोंड बांधून. तोंड बांधून नमो मारिये म्हणायचं. मग मारियेनेही कानात बोळे घालावेत.

मूर्ती माझ्या ताब्यात असते. मी ती मैदानावर नेली नाही. घराघरांतून होईल, नेहमीसारखी, आणि उघड्या तोंडाने. घरं मिळतील का अशी मोनिकाला शंका होती. मिसेस लोबोंनी पहिली संध्याकाळ घेतली. नऊ माणसं आली. मी म्हटलं, ज्याला रुमाल बांधायचा त्याने मैदानावर जावं, ते त्याचं स्वातंत्र्य; हे आमचं. शेवटी माळेचा क्रूस सगळ्यांनी एकामागून एक ओठांना लावला. बरं वाटलं. कित्येक वर्षांत जपमाळेला इतका अर्थ आला नव्हता.

कोणाच्या घरी कोण कोण आलं ते डायरीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतोय. पुढेमागे कोणी म्हणेल की लोक सोबत नव्हते, तर पुरावा हवा.

रविवार, २ ऑक्टोबर

दाराशी माणूस होताच. मी उघड्या तोंडाने आत गेलो, त्याने अडवलं नाही, भित्रा. पण वाचन माझ्याऐवजी एका पोरीला दिलं. मला न सांगता. तिने यशया संदेष्ट्याचं नाव दोनदा चुकवलं. रुमालाआडून कोणाला कळलं म्हणा.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

जपमाळेच्या राणीचा सण. मूर्ती आमच्या घरी. दोन खोल्यांत सव्वीस माणसं. डास आणि हायवेची धूळ म्हणून खिडक्या लावून घेतल्या, उदबत्त्या, मेणबत्त्या, मोनिकाने केलेले नारळाचे लाडू. पन्नासही नमो मारिये मी पुढे होऊन म्हटले, डेल्फी मांडीवर. चौथ्या रहस्याला, म्हणजे माळेच्या चौथ्या दहा मण्यांना, खोकल्याची उबळ आली तेव्हा तिने माझ्या पाठीवर थोपटलं, मोठी माणसं थोपटतात तसं. सगळ्यांना कौतुक वाटलं. लीना तेवढ्यात उठून तिला घ्यायला आली. पोर रडून परत माझ्याकडे.

मैदानावर म्हणे आज चौदाच जण होते.

बुधवार, १२ ऑक्टोबर

प्लेग ओसरला. पेपरवाल्यांनाच आता त्याचा कंटाळा आलाय. पनवेलला एकही माणूस गेला नाही, एकही उंदीरसुद्धा धड मेला नाही. अवधूतची चार पाकिटं फुकट गेली, विचारलं तर विषय बदलतो.

सकाळी थुंकीत लाल तार दिसली. रोज घसा ताणून स्तोत्रं म्हणतोय, खरवडलं असणार. मोनिकाला बोललो नाही, तिला निमित्तच हवं असतं. तिने माझ्या दोन पँटी कमरेत दोन दोन इंच आत घेतल्या. इस्त्रीवाला ताणतो कापड. संध्याकाळी अंग कसकसतं आणि पहाटे बनियन भिजलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा आहे.

रविवार, १६ ऑक्टोबर

फादरना पत्र लिहिलं होतं, चार पानी. मिलानमध्ये प्लेग आला तेव्हा संत चार्ल्स बोरोमिओ अनवाणी मिरवणुकीत चालले, आजाऱ्यांच्या घरांत शिरले. आणि आजचे धर्मगुरू रुमालामागे लपतात, असं. आज मिस्सानंतर उत्तर मिळालं, तोंडी.

"काका, ते अनवाणी चालले हे खरं. पण त्यांनी लोकांना घरात राहायला सांगितलं होतं, आणि चौकाचौकांत वेद्या उभारल्या होत्या, खिडकीतून मिस्सा दिसावी म्हणून. आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद दिल्यावर फादर बोटं व्हिनेगरमध्ये बुडवत. जीव त्यांनी स्वतःचा धोक्यात घातला, दुसऱ्याचा नाही. तेवढं पान तुमच्या पुस्तकात नसेल."

माझ्या पुस्तकात आहे ते पान. मी त्याला महत्त्व दिलं नव्हतं.

"प्लेग तर गेला," मी म्हटलं. "आता कसली भीती?"

"प्लेगची नाही. तुम्ही डॉक्टरकडे कधी जाणार?"

हा माणूस वाद हरायला लागला की माझ्या तब्येतीवर घसरतो. तसं सांगितलं त्याला तोंडावर. लाल झाला. मुरुमं आणखी लाल झाली.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

महिना पार पडला. एकतीस संध्याकाळी, एकतीस घरं. मागच्या पानांवर एकशे बारा नावं आहेत, आणि एकाही संध्याकाळी रुमाल नाही. शेवटच्या दिवशी मिसेस लोबो म्हणाल्या, इनासभाऊ, तुमच्यामुळे श्रद्धा टिकली. आवाज पार बसलाय, पण ही रात्र सुखाची असायला हवी होती.

नाही झाली. डेल्फी आठवडाभर नीट जेवत नाही, अंग कोमट असतं. दाढा येत असतील. मी तिला घेतलं तर लीना म्हणाली, "पप्पा, तिला घेताना तरी तोंडाला काहीतरी बांधा. मी पाया पडते तुमच्या."

लग्न होऊन आल्यापासून सून माझ्यापुढे मान वर करून बोलली नव्हती. हे फादरचं शिकवणं, दुसरं काय. म्हटलं, "माझ्या घरात माझ्या नातीसमोर मी चोरासारखं तोंड झाकू? तुला भीती वाटत असेल तर तुझं माहेर आहे."

मोनिकाने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. ती सहसा काही आपटत नाही.

मंगळवार, १ नोव्हेंबर

लीना पोरीला घेऊन वसईला गेली. जाताना माझ्या पाया पडली, ती रीत मोडली नाही. डेल्फी खांद्यावरून बघत होती. मी रुमाल तोंडावर धरला, तिने हसून विचारलंही, पण "बुवाऽ कुक" म्हणायला आवाजच फुटला नाही आणि रिक्षा वळली.

जाऊ दे. चार दिवसांत परत येईल.

शनिवार, ५ नोव्हेंबर

काल महिन्याचा पहिला शुक्रवार, संध्याकाळी खास मिस्सा असते. ती सुरू व्हायच्या आधी हॉलमागच्या खोलीत फादरकडे गेलो. मनात वाक्य तयार होतं: फादर, महिना झाला, एकही माणूस मेला नाही, आता वेदीवरून माफी मागा. पहिलंच वाक्य बोलताना उबळ आली. ती थांबेना. मी टेबल धरलं. त्यावर धुतलेलं पांढरं वेदीवस्त्र घडी करून ठेवलं होतं, आणि त्यावर माझं रक्त पडलं. पुष्कळ पडलं.

फादरनी मिस्साला आलेल्यांना सांगितलं की थांबा किंवा घरी जा. आमच्या बिल्डिंगवरून काशिरामला बोलावून घेतलं, स्कूटरवर मला मध्ये आणि त्याला मागे बसवलं, मी पडू नये म्हणून. जुन्या पनवेलात डॉक्टर नशरा मुकादम यांच्याकडे. तरुण बाई आहे, वडील कुवेतला होते म्हणाली. तिने छातीला नळी लावायच्या आधी स्वतःच्या तोंडाला मास्क लावला आणि एक मला दिला. फादर दाराशी उभे होते. मी दोघांकडे बघून तो मास्क मुठीत धरून बसलो. तिने परत सांगितलं नाही.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

एक्सरे आणि थुंकीचा रिपोर्ट आला. क्षय. दोन्ही फुप्फुसांत, उजव्यात भोक पडलंय.

डॉक्टरीणबाईने विचारलं, "खोकला कबसे... म्हणजे कधीपासून, अंकल?" मी सांगायच्या आत मोनिका म्हणाली, "जूनपासून." मी जुलै म्हणणार होतो. घरात लहान मूल आहे का, असं तिने विचारलं. मोनिका रडायला लागली, म्हणून मीच म्हटलं, आहे.

"किती जवळ असते तुमच्या?"

मांडीवर, म्हटलं. पुढचं काही लिहवत नाही.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

वसईहून लीनाचा फोन अवधूतकडे आला. मोनिका खाली जाऊन बोलली. डेल्फीच्या मानेत गाठ आहे, एक्सरेत छातीतही दिसलंय. तिथल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, नऊ महिने घ्यावं लागेल. बरी होईल म्हणतात. इंजेक्शनांना फार रडते.

अवधूतच्या घरात तेव्हा सगळे होते. आता बिल्डिंगला कळलं. संध्याकाळी जिन्यात पायरीवर बसलो होतो, वर चढायला दम लागतो, तेव्हा अवधूतच्या बायकोने, शशिकलाने, दार उघडलं आणि मला बघून लावून घेतलं. मी तिच्या जागी असतो तर शिव्याही दिल्या असत्या.

रविवार, १३ नोव्हेंबर

फादर आले. माझ्यासाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन. मला वाटलं रुमाल बांधून येतील, मनातल्या मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं. उघड्या तोंडाने आले. मीच बांधलेला होता. त्यांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, याचाही राग आला.

प्रार्थना झाल्यावर म्हणाले, "काका, जपमाळेला आलेल्या लोकांनी तपासून घ्यायला हवं. लहान मुलं असलेल्यांनी तरी. डॉक्टर नशरा म्हणतात, कोण कोण आलं होतं ते कळलं तर बरं. तुमचं नाव घेतल्याशिवाय हे सांगता येणार नाही, आणि तुमच्या परवानगीशिवाय तुमचं नाव मी घेणार नाही."

"नाही दिली तर?"

"तर मी सगळ्यांनाच मोघम सांगेन, तपासून घ्या म्हणून. चार जण जातील."

"सक्ती नाही करणार?"

"नाही."

या माणसाने एकदा माझ्यावर ओरडायला हवं होतं. शहात्तर साली माझ्यापुढे फॉर्म सरकवणारा साहेब ओरडला होता, म्हणून नाही म्हणणं सोपं गेलं.

मग ही डायरी काढली. मागची नऊ पानं रेघ धरून फाडली आणि त्यांच्या हातात दिली. एकतीस घरं, एकशे बारा नावं, तारखांसकट, माझ्या सुवाच्य अक्षरात. लोक माझ्यासोबत होते याचा पुरावा. फादरनी पहिल्या पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, मुलांच्या नावापुढे वयही लिहिलंय का. म्हटलं, लिहिलंय.

रविवार, २७ नोव्हेंबर

वेदीवरून माझं नाव घेतलं गेलं. मोनिका ऐकून आली. आतापर्यंत सत्तर जणांची तपासणी झालीय. मिसेस लोबोंना निघालाय. त्यांनी मोनिकाला बाजारात गाठून सांगितलं, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, माझी श्रद्धा टिकली, फुप्फुस टिकलं नाही. तोंडाळ बाई. खोटं मात्र बोलली नाही.

मूर्ती फादरकडे पाठवून दिली.

रविवार, १८ डिसेंबर

औषधाला सहा आठवडे होतील. खोकला निम्मा झाला. डॉक्टरीणबाई म्हणते की आता बहुतेक धोका नाही, पण दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासू, तोवर रुमाल ठेवला तर उत्तम. "ठेवला तर," असंच म्हणाली. हुकूम द्यायला सगळ्यांनीच आता बंदी घातलीय जणू.

दुपारी लीना आली, नाताळची खरेदी करायला आले म्हणाली. डेल्फी दारातच तिच्या कडेवर. वाळलीय. मानेच्या गाठीवर पट्टी आहे. मी खिडकीशी खुर्चीत होतो, तोंडाला रुमाल. आधी ओळखलंच नाही. मग माझ्या चष्म्याकडे बघितलं, खुदकन हसली आणि बोट दाखवून म्हणाली, "आबाचं तोंड कुठाय?"

मोनिका स्वयंपाकघराच्या दारात थांबली. खिडकी उघडी होती, आमच्यात सहा-सात हात अंतर होतं, आणि मला कोणी अडवलं नसतं.

डेल्फी वाट बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना ओठ बाहेर आले. माझा हात रुमालापर्यंत गेला, तो मी गाठीवर ठेवला आणि गाठ घट्ट केली.